पवई : तीन लेखकांची कादंबरी

दिवाळी अंकासाठी एखाद्या नव्या कादंबरीचे परीक्षण लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला त्या संध्याकाळी मी सहामाहीच्या चित्रकलेच्या कागदांचा गठ्ठा पुढे घेऊन बसले होते. परीक्षण लिहायला माझी ना नव्हती. कादंबऱ्या मी वाचते, आणि शाळेच्या घंटेतून वाचवलेल्या वेळात तीन-चार लिहिल्याही आहेत. तेव्हा दुसऱ्याच्या कादंबरीला नावे ठेवण्याचा थोडाफार अधिकार मला पोचतो. परंतु त्या गठ्ठ्यात आठवीतल्या एका मुलीचे स्मरणचित्र निघाले आणि माझे मन कादंबरीवरून उडून भलतीकडेच गेले. ते चित्र काय होते ते पुढे सांगेन. तूर्त एवढेच सांगते की, यंदा मी पुस्तकाचे परीक्षण करणार नाही. कांजूरमार्गहून अंधेरीच्या बाजूच्या शाळेला जाताना माझी बस रोज जिच्यामधून जाते, त्या पवईचे करणार आहे.

जाणकार हसतील. माझे शिक्षण मॅट्रिकचे. त्यावर कलाशिक्षकाची पदविका. नगररचनाशास्त्र मला येत नाही आणि येते असा आव आणण्याची इच्छाही नाही. परंतु वीसएक वर्षे मी मुलांना भूमिती आणि यथार्थदर्शन शिकवीत आले आहे, आणि तितकीच वर्षे कादंबरीत कोणते पात्र कोठे उभे करावे या विवंचनेत रात्री जागवल्या आहेत. मला तर नगराचा आराखडा आणि कादंबरीचा आराखडा ही सख्खी भावंडे वाटतात. कोण कोठे राहणार, कोणाची कोणाशी गाठ पडणार, कोण पुढच्या दाराने येणार आणि कोण मागच्या, हे दोहोंतही आधी कागदावर ठरते. फरक इतकाच की, कादंबरी फसली तर वाचक ती मिटून ठेवतो. आराखडा फसला तर माणसांना त्यात जन्म काढावा लागतो.

आणि पवईच का, असे कोणी विचारील. विज्ञान आणि तंत्रज्ञान यांना वाहिलेली एखादी उंच इमारतींची वसाहत असावी, तीत प्रयोगशाळा असाव्यात, कचेऱ्या असाव्यात, घरे, दुकाने, शाळा, दवाखाना सारे एकाच आवारात असावे, माणसाने सकाळी उतरून चालत कामाला जावे आणि संध्याकाळी चालत घरी यावे, हे स्वप्न अलीकडे फार रंगवले जाते. त्याची चित्रेही देखणी असतात: काचेचे मनोरे, मधोमध हिरवळ, निळे आकाश. अशी वसाहत कशी आखावी याचा खल करणाऱ्यांनी परदेशी जाण्यापूर्वी एकदा पवईला यावे, असे मला वाटते. येथे ती आहे. विज्ञान आहे, कारखाना आहे, मनोरे आहेत, बाजार आहे, तळेसुद्धा आहे. एवढेच की, ती कोणा एकाने आखली नाही. तीन लेखकांनी, एकमेकांना हस्तलिखित न दाखवता, एकाच कादंबरीची तीन प्रकरणे लिहावीत, तशी ती झाली आहे.

*

कादंबरीची पार्श्वभूमी मात्र अप्रतिम आहे. तिचे श्रेय तिघांपैकी कोणालाच नाही. साष्टीच्या डोंगरांच्या कुशीतला हा भाग. एकोणिसाव्या शतकात पवईची मालमत्ता फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांकडे होती. त्यांनी तेथे ऊस, नीळ, रेशमासाठी तुती असे नाना प्रयोग केले, आणि १८३८ साली विलायतेच्या राणीला आगबोटीने आंबे धाडले. म्हणजे पवईतले पहिले 'तंत्रज्ञान' शेतीचे होते आणि पहिली निर्यात आंब्याची! पुढे शहराची तहान वाढली. पलीकडे विहार तलाव १८६० सालीच झाला होता. १८९१ च्या सुमारास मिठी नदीच्या एका फाट्यावर बांध घालून पवईचा तलाव झाला. पण त्याचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे राहिले नाही आणि थोड्याच वर्षांत त्याने शहराला पाणी पाजणे सोडून दिले. तेव्हापासून ते तळे पिण्याच्या उपयोगाचे नाही, पण सर्वांच्या डोळ्यांचे आहे. त्यात मगरी आहेत, काठावर बगळे आहेत, आणि पावसाळ्यात बांधावरून पाणी वाहू लागले की, बसमधली डुलक्या घेणारी माणसेसुद्धा माना वळवून बघतात.

पहिले प्रकरण लहान आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते. त्यांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली आणि १९४८ साली पवईला पंचावन्न एकर दलदलीची, झाडोऱ्याची जागा घेतली. कारखानदारीचे गद्य जसे असायला हवे तसे हे प्रकरण आहे: नेमके, कोरडे, कामापुरते. भोंगा, पाळी, फाटक. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कारखान्याच्या फाटकातून कामगार आत जात, आणि सुटल्यावर साकीविहारच्या रस्त्यावर त्यांचा लोंढा बाहेर येई. त्या लोंढ्यावर चहाच्या टपऱ्या, खानावळी, सायकलदुरुस्तीची दुकाने जगत. म्हणजे प्रकरण कोरडे असले, तरी त्याची कडा ओली होती.

दुसऱ्या प्रकरणाशी माझे मन अधिक रमते. २५ जुलै १९५८ रोजी वरळीला, रेशीमकापडाच्या एका संशोधन संस्थेच्या इमारतीत, शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग भरला. तीन हजारांहून अधिक अर्जांतून निवडलेली ही शंभर मुले म्हणजे पवईच्या तंत्रविद्यालयाची, आज ज्याला सारे नुसते 'आय. आय. टी.' म्हणतात त्याचे, पहिले विद्यार्थी. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशियाने यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ दिले, मुंबई राज्याने साडेपाचशे एकर जमीन दिली, आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. ब्रिगेडियर बोस हे पहिले संचालक. याच १९५८ साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. एकीकडे गिरगावची चाळ हसत-डोळे टिपत निरोप घेत होती आणि दुसरीकडे डोंगरापलीकडच्या रानात उद्याची मुंबई जन्माला येत होती.

ज्या रशियाने ही मदत दिली त्याने स्वतःच्या घरी याच सुमारास विज्ञानासाठी काय बांधले ते पाहण्यासारखे आहे. १९५३ साली मॉस्को विद्यापीठाची मुख्य इमारत पुरी झाली: उंची दोनशे चाळीस मीटर, मधला मनोरा छत्तीस मजल्यांचा. १९९० पर्यंत युरोपात तिच्याहून उंच इमारत नव्हती. वर्ग, ग्रंथालय, सभागृह, विद्यार्थ्यांच्या खोल्या, अध्यापकांची बिऱ्हाडे, दुकाने, टपालघर, सारे एका छपराखाली! आज ज्याचे आपल्याकडे स्वप्न पाहिले जाते ते तेथे तेव्हाच उभे होते. पण पवईला त्याची नक्कल झाली नाही, हे आपले भाग्य. येथे बुटक्या, साध्या इमारती झाल्या, आणि खात्याखात्यांना जोडणारी लांबच लांब पडवी झाली. ती पडवी मला या साऱ्या आराखड्यातली सर्वांत सुंदर ओळ वाटते. कोकणातल्या घराची ओसरी जणू कोणी ओढून लांबवली आहे. धो धो पावसात यंत्रशास्त्राचा विद्यार्थी छत्री न उघडता रसायनवाल्यांकडे जातो, वाटेत भौतिकवाल्याशी वाद घालतो. विज्ञान वर्गात शिकवले जाते, पण ते वाढते अशा पडवीतच, असे मला वाटते. तीस मजले चढवणाऱ्या उद्वाहनात मात्र माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. सारी आकड्यांकडे बघत उभी असतात.

या प्रकरणाचा दोष एकच, पण तो मोठा आहे. ही पडवी आतल्या आत फिरते. रस्त्यावर उतरत नाही. भोवती कुंपण आहे, फाटक आहे. प्रयोगशाळांना राखण हवी, मुलामुलींच्या वसतिगृहांना सुरक्षितता हवी, हे मी समजू शकते. परंतु डोंगरातले आदिवासी पाडे आणि उतारावरच्या झोपड्या यांतल्या मुलांना कुंपणाच्या पलीकडे काय चालते याचा पत्ता नसतो. भिंतीला लागून वाढलेल्या मुलाला पुण्या-नाशिकच्या मुलाइतकीच ती संस्था दूर असते. साडेपाचशे एकरांत रस्त्याकडे तोंड करून एखादी खिडकी, बालकांसाठी एखादे नित्य उघडे दालन, एवढे जरी कोनशिलेच्या दिवशीच कागदावर असते तर!

*

तिसरे प्रकरण सर्वांत उंच आणि सर्वांत वादग्रस्त. १९८६ साली राज्यशासन, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या बाजूने विकासक, असा त्रिपक्षीय करार झाला. सुमारे दोनशे तीस एकर जमीन, हेक्टरी एक रुपया भाड्याने, ऐंशी वर्षांसाठी. हेक्टरी एक रुपया म्हणजे एकराला चाळीस पैसे! शासन एवढे उदार का झाले? तर येथे मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे व्हावीत म्हणून. निम्मी चाळीस चौरस मीटरची आणि निम्मी ऐंशी चौरस मीटरची. म्हणजे आपल्या मोजणीने सव्वाचारशे-साडेचारशे चौरस फुटांची आणि साडेआठशे चौरस फुटांच्या आसपासची. शाळामास्तर, परिचारिका, कारकून, यंत्रशाळेतला फिटर यांना परवडेल असे माप. संहिता उत्तम होती, हे मी मनापासून म्हणते.

त्यातून जे उभे राहिले ते 'हिरानंदानी गार्डन्स'. हफीज कॉन्ट्रॅक्टर हे वास्तुरचनाकार. टीकाकाराने आधी गुण सांगावेत, हा जुना रिवाज मी मोडणार नाही. येथे पदपथ रुंद आहेत आणि त्यांवर चालता येते. मुंबईत ही केवढी अपूर्वाई आहे हे म्हाताऱ्या सासूला घेऊन फिरणाऱ्या सुनेला विचारावे. झाडे लावली आणि ती जगवली. खाली दुकाने, वर घरे, शेजारी कचेऱ्या, शाळा, रुग्णालय. रात्री दहा वाजताही रस्ता जागा असतो, त्यामुळे मुलीबाळींना भीती नाही. राहणे, काम आणि बाजार यांची जी सांगड नगररचनेची पुस्तके वाखाणतात ती येथे खरोखर जमली आहे.

शैलीविषयी मात्र मला बोलू द्या, कारण तो माझा विषय. वीस-पंचवीस मजल्यांच्या अंगावर ग्रीक-रोमन खांब, कमानी, त्रिकोणी शिरोभाग. काँक्रीटच्या सांगाड्याला या खांबांची गरज नाही. ते भार उचलीत नाहीत, केवळ भारदस्त दिसतात. ऐतिहासिक नाटकातल्या पुठ्ठ्याच्या राजवाड्याला जेवढा अर्थ तेवढाच यांना. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. तलावाच्या पलीकडच्या काठावरून पाहावे तर आडव्या पाण्याशी उभ्या मनोऱ्यांचा विरोध झकास साधला आहे, डोळा सुखावतो. पण संवाद? ना डोंगराशी, ना कारखान्याच्या साध्या छपरांशी, ना त्या लांब पडवीशी. शेजारच्या दोन प्रकरणांची भाषा तिसऱ्या लेखकाने वाचलीच नसावी.

तथापि खांबांचा अपराध क्षम्य आहे. खरा घाव दुसरीकडे आहे. करारातली लहान घरे बाजूला पडली, शेजारशेजारच्या सदनिका जोडून मोठी घरे झाली, अशी तक्रार घेऊन काही नागरिक उच्च न्यायालयात गेले. त्यांत मेधा पाटकरही होत्या. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, करारातल्या मापाची तीन हजारांहून अधिक परवडणारी घरे आधी बांधा. तोवर दुसरे बांधकाम नको. कायद्याची बाजू न्यायालयाने पाहिली. मी कादंबरीची पाहते. मूळ हस्तलिखितात दुय्यम पात्रे होती. त्यांना नावे होती, घरे होती, घरांची मापेसुद्धा होती. छापील आवृत्तीत ती दिसेनात. नायक-नायिकांचे दिवाणखाने ऐसपैस झाले आणि फिटर, परिचारिका, मास्तर पानांबाहेर गेले. पानांबाहेर गेली म्हणून माणसे नाहीशी होत नाहीत. ती रोज सकाळी लोकलने, बसने, डोंगर उतरून चालत त्याच कादंबरीत कामाला येतात. संध्याकाळी पुन्हा पानांबाहेर जातात.

*

आता त्या मुलीच्या चित्राकडे वळते.

स्मरणचित्राला मी विषय दिला होता, 'माझ्या परिसरातील उंच इमारत'. बहुतेक मुलांनी खांब, कमान, कारंजे आणि पुढे मोटार काढली होती. हिच्या इमारतीला खांबच नव्हते. खालपासून वरपर्यंत सांडपाण्याचे नळ होते, वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या होत्या, कचऱ्याचे निळे-हिरवे डबे होते, एक अरुंद दार, दाराशी वही घेऊन बसलेला रखवालदार आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सहा-सात बायका. मला वाटले, पोरीने निरीक्षण केले नाही. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावले.

"अगं, आपण राहतो तिथून हे मनोरे दिसतात ना? मग खांब कुठे गेले?"

"बाई, खांब पुढच्या बाजूला आहेत," ती म्हणाली. "आम्ही मागून जातो."

तिची आई तिथल्या एका इमारतीत चार घरी स्वयंपाक करते. शनिवारी शाळा लवकर सुटली की, ही आईकडे जाते आणि तिचे काम होईपर्यंत मागच्या दाराशी थांबते. बायका का उभ्या आहेत, असे मी विचारले. तर म्हणाली, "बसायला जागा नाही ना, बाई. आणि आत सोडेपर्यंत थांबायला लागतं." चित्र निरीक्षणातून आले नव्हते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? साऱ्या वर्गात खरे स्मरणचित्र तेवढे एकच होते. बाकीच्यांनी जाहिरात आठवून काढली होती.

माझ्या मनाला लागले ते निराळेच. मागे एकदा एका प्रदर्शनात मी अशाच एका नियोजित वसाहतीचे मोठे रंगीत चित्र पाहिले होते. त्यात माणसे काढलेली होती. सडपातळ, हातात पिशवी, एखादे लहान मूल, एखादा कुत्रा. आम्ही कलाशिक्षक जाणतो की, अशी माणसे चित्रात का घालतात. इमारत किती उंच आहे ते कळावे म्हणून! ती माणसे नसतात, मोजपट्ट्या असतात. त्या चित्रात पोळ्या लाटणारी बाई नव्हती, झाडूवाला नव्हता, डबेवाला नव्हता. ज्यांच्यावाचून ती इमारत एक दिवस चालणार नाही ते मोजपट्टी म्हणूनसुद्धा आले नव्हते.

*

यावर कोणी म्हणेल, बाईंचा उंच इमारतींवर राग आहे. मुळीच नाही. जमीन थोडी आणि माणसे फार, अशा या बेटावर उंच जावे लागणारच. उंचीत पाप नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग या पोलादाच्या गावी बेचाळीस मजल्यांचे एक विद्यामंदिर आहे. १९२६ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९३७ साली ते विद्यापीठाला वाहिले गेले. पैसा कमी पडत होता तेव्हा गावातल्या हजारो शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंट देऊन एकेक वीट 'विकत' घेतली. तळमजल्यावर चार मजले उंचीचे भव्य सभादालन आहे आणि त्याभोवती तीसएक वर्गखोल्या अशा आहेत की, गावात पोटासाठी आलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांनी आपापल्या परंपरेप्रमाणे त्या सजवल्या आहेत. २००० साली नालंदेच्या धर्तीवरची भारतीय खोलीही तेथे झाली. भट्टीवर काम करणाऱ्या बापाचे मूल त्या मनोऱ्याकडे बोट दाखवून 'यात माझी वीट आहे' असे म्हणू शकत होते. मॉस्कोचा मनोरा उंच, पण त्याच्या बांधकामावर कैदी राबले. दोन्ही मनोरे उंच आणि दोन्ही विद्येचे. फरक मजल्यांचा नाही. तो कोणाला मोजणीत धरले याचा आहे.

आणि पवईतसुद्धा, लेखकांनी न लिहिलेली दोन चांगली पाने आहेत. ती न सांगणे अन्याय होईल. पहिले पान असे की, पदवी घेतलेली पोरे समोरच्याच वसाहतीत खोल्या घेऊन, एकत्र राहून नवे उद्योग काढू लागली. प्रवासी गाड्यांची 'ओला' २०१० साली अशाच दोन पदवीधरांनी काढली. संस्थेनेही आपल्या आवारात नवउद्योगांना आसरा देण्यासाठी २००४ साली स्वतंत्र मंडळ स्थापले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या मध्ये नुसता एक रस्ता होता, आणि मुलांनी तो ओलांडला. कोणत्याही आराखड्यात ती रेघ नव्हती.

दुसरे पान तळ्याचे. २०२१ साली महापालिकेने तलावाच्या काठाने, पाण्याच्या हद्दीत भराव घालून सायकलवाट करायला घेतली. तेव्हा न्यायालयात धाव घेणाऱ्यांत आय. आय. टी.चेच विद्यार्थी होते. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून भराव काढण्यास सांगितले. मला हा निकाल वाचून जो आनंद झाला तो कायद्याचा नव्हता. कुंपणाआड विज्ञान शिकणारे मूल कुंपणाबाहेरच्या तळ्यासाठी उभे राहिले, पहिल्यांदाच एका प्रकरणातले पात्र दुसऱ्यात चालत गेले. कादंबरी जिवंत होते ती अशा क्षणी.

*

तर मग आखणी करावी तरी कशी? मी काही शास्त्र सांगणार नाही. एक दिवाळीची हकिकत सांगते.

पॅट्रिक गेडिस या नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेत रमले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यासन निघाले त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्याच्या एक-दोन वर्षे आधी होळकरांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या सुधारणेसाठी बोलावले होते. शहरात प्लेगचा वावर होता. गेडिस नकाशा घेऊन बोळाबोळांतून हिंडू लागले, तर लोक घाबरून दारे लावीत. नकाशा घेऊन आलेला साहेब घर पाडणार, हा त्यांचा अनुभव. तेव्हा या गृहस्थांनी काय करावे? एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जी आळी सर्वांत स्वच्छ तीमधून जाईल. मग काय विचारता! घरे सारवली, रंगवली गेली, गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांचे दहन झाले. मागून नव्या नगरीची देवता आली, नव्या घरांचे नमुने आले. पण या साऱ्यांत सफाई कामगार चालत होते, पांढरेशुभ्र कपडे घालून, नवी पागोटी बांधून, आणि त्यांच्या झाडूंना हार घातलेले होते.

नगराचा आराखडा असा मिरवणुकीने लोकांसमोर आला, आणि ज्यांच्या हातांनी नगर चालते ते त्याच्याबरोबर मानाने चालले. शंभरहून अधिक वर्षे झाली. आपली साधने केवढी सुधारली. संगणकाच्या पडद्यावर न बांधलेल्या मनोऱ्याच्या चाळिसाव्या मजल्यावरून सूर्यास्त पाहता येतो. पण त्या मिरवणुकीत जे आराखड्यात होते ते आज त्याच्या चित्रातसुद्धा नाहीत.

म्हणून विज्ञानाची नवी नगरी आखणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. मजले किती ते शेवटी ठरवा. आधी तेथे झाडणारा, रांधणारा, राखण करणारा, शिकवणारा कोठे राहील ते लिहा. आणि लिहिलेले छपाईत गाळू नका. प्रयोगशाळेला कुलूप असू द्या, पण तळमजल्यावर एक दालन असे ठेवा की, शेजारच्या वस्तीतले मूल चिठ्ठी न घेता आत येईल आणि लोलकाला हात लावील. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेची वास्तू आहे. परिषद १९६६ साली स्थापन झाली. विज्ञान मराठीतून, सामान्य माणसापर्यंत न्यावे हा तिचा वसा. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ साली धाडली ती याच परिषदेच्या स्पर्धेला, तीही टोपणनावाने, म्हणजे नावाचे वजन न टाकता. त्या वास्तूला रोमन खांब नाहीत. पण विज्ञानाला वाहिलेली जागा म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला तेथे अडचण पडली नाही.

शेवटी पुन्हा ती मुलगी. सुट्टी लागण्याच्या आधी आम्ही वर्गात आकाशकंदील करतो. कामट्या, पतंगाचा कागद, खळ, सगळ्या बाकांवर पसारा. ती कामट्या बांधत बसली होती. मी सहज म्हटले, "तुला अशी इमारत आखायला दिली तर गं?"

तिने थोडा विचार केला आणि कंदिलाच्या उरलेल्या कागदावर पेन्सिलीने आखायला घेतले. इमारत तिने उंचच काढली, तीस मजल्यांची तरी असेल. खांबसुद्धा काढले, ते तिला आवडतात, माझे मत काहीही असो. पण दार एकच होते, पुढचे. आणि दाराशी, झाडाखाली, एक लांब बाक.

"हा कशाला?"

"आईला बसायला, बाई. आणि दुसरं कोण आलं तर त्यांनापण."

मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण बाकाचे मागचे पाय यथार्थदर्शनात चुकले होते.